मल्टिमीटर : वीज मोजण्याचें साधन व तें वापरण्याची शिस्त

वीज डोळ्यांस दिसत नाहीं, कानांस ऐकूं येत नाहीं. तिला वास नाहीं, रंग नाहीं. विस्तव आपल्या धगीनें दुरूनच इशारा देतो, पुराचें पाणी गर्जत येतें, साप देखील फुत्कारतो. परंतु जिच्यांतून वीज वाहत आहे ती तार आणि जी निर्जीव पडली आहे ती तार या दोहोंत पाहणाऱ्यास तिळमात्र भेद दिसत नाहीं. हा भेद हात लावून ओळखूं पाहणें म्हणजे विहिरीची खोली उडी टाकून मोजण्यासारखें आहे. म्हणून वीज ओळखण्यास व मोजण्यास मनुष्यानें साधनें निर्माण केलीं. त्यांपैकीं सर्वांत सुटसुटीत, आणि हल्लीं कांहीं शें रुपयांत कोणत्याही दुकानांत मिळणारें साधन म्हणजे अंक दाखविणारा मल्टिमीटर होय.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांनीं हें यंत्र प्रयोगशाळेंत पाहिलें असेल. कित्येकांच्या घरीं तें फळीवर पडलेलेंही असेल. आपला भंडारा जिल्हा धानाचा. येथें घरोघर नाहीं तरी शेतोशेतीं मोटारपंप आहे, आणि बिघाड झाला कीं वायरमन येईपर्यंत धीर न धरतां स्वतःच पेटी उघडण्याची संवयही आहे. म्हणून हें साधन कसें वापरावें, आणि त्याहूनही, कोठें वापरूं नये, हें मुलांप्रमाणेंच पालकांनींही जाणून घेणें इष्ट आहे.

प्रथम थोडा इतिहास. इ. स. १८०० मध्यें इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें पहिली विद्युत्घटमाला सिद्ध केली. तिच्यापासून मिळणाऱ्या प्रवाहाचें गणित कसें मांडावें हा प्रश्न कांहीं काळ तसाच राहिला. जर्मनींत कलोन शहरीं शाळामास्तर असलेल्या गेऑर्ग ओहम यानें फावल्या वेळीं प्रयोग करून त्याचें उत्तर शोधिलें आणि १८२७ सालीं तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. तोच तुमच्या पुस्तकांतला ओहमचा नियम. पुढें दाब, प्रवाह व रोध मोजण्यास निरनिराळीं यंत्रें झालीं. ब्रिटिश पोस्ट खात्यांत तारायंत्रांची देखभाल करणारे डोनाल्ड मकाडी हे इतकीं यंत्रें बरोबर वागवून कंटाळले व तिन्ही कामें करणारें एकच यंत्र त्यांनीं योजिलें. अँपिअर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'आव्हो' हें नांव मिळालें आणि १९२३ सालीं तें विक्रीस आलें. त्या यंत्रांत कांटा फिरत असे. कांट्याऐवजीं अंक दाखविणारा व्होल्टमापक अमेरिकेंत अँड्र्यू के यांनीं १९५२ च्या सुमारास तयार केला. आज असे मीटर आपल्या महाराष्ट्रांतच होतात. नाशिक हें त्याचें एक ठळक केंद्र असून तेथील मोटवाने व १९८२ सालीं स्थापन झालेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स हीं नांवें या धंद्यांत परिचित आहेत.

आतां दाब, प्रवाह व रोध म्हणजे काय, तें आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरणानें पाहूं. मालगुजारी काळांतील आपल्या तलावांत पाळीच्या आड पाणी साठलेलें असतें. तुडूम उघडला कीं तें पाटानें बांध्यांकडे धांवतें. तलावांतील पाणी जितकें उंच तितका त्याचा जोर अधिक. हा जोर म्हणजे विजेचा दाब, त्याचें माप व्होल्ट. पाटांतून क्षणोक्षणीं किती पाणी जातें तो प्रवाह, त्याचें माप अँपिअर. पाट अरुंद असेल, त्यांत गाळ व गवत असेल, तर पाण्यास अडथळा होतो; हा अडथळा म्हणजे रोध, त्याचें माप ओहम. दाबास रोधानें भागिलें असतां प्रवाह निघतो. सारें विद्युन्मापन या एका भागाकारावर उभें आहे.

हाच भागाकार आपल्या शरीरास लावून पाहा. मनुष्याची कातडी कोरडी असेल तर तिचा रोध हजारों ओहम भरतो. तीच ओली झाली कीं तो हजार ओहमच्या आसपास उतरतो. घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट. २३० ला १००० नें भागा. उत्तर येतें ०·२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. आतां हें लक्षांत घ्या कीं, सुमारें १ मिलिअँपिअर प्रवाहानें मुंग्या आल्यासारखें वाटतें. १० च्या पुढें स्नायु आखडून धरलेली तार सोडवत नाहीं. ३० च्या पुढें श्वास व हृदय यांस धोका पोंचूं लागतो. घराच्या फळीवर जो गळती रोखणारा स्विच बसवितात तो ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतो, तें याच कारणानें. चिखलांत अनवाणी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या अंगांतून जाऊं शकणारा प्रवाह या मर्यादेच्या सात-आठ पट आहे. हें गणित ज्यास समजलें त्यास भीति दाखविण्याची गरज उरत नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. मल्टिमीटरच्या वरच्या भागीं अंक उमटणारी कांच, मध्यें फिरविण्याचा खटका आणि खालीं दोन, तीन किंवा चार छिद्रें असतात. खटक्याभोंवतीं विभाग आखलेले असतात. 'व्ही' या इंग्रजी अक्षराजवळ नागमोडी रेघ असेल तर तो घरांतल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा विभाग, म्हणजे एसी. सरळ रेघ व तिच्याखालीं तुटक रेघ असेल तर तो घटांतून मिळणाऱ्या एकाच दिशेच्या विजेचा, म्हणजे डीसी. घोड्याच्या नालासारखें दिसणारें ग्रीक अक्षर ओमेगा हें रोधाचें चिन्ह. छिद्रांपैकीं 'कॉम' असें लिहिलेल्यांत काळी तार नेहमीं राहते. दाब व रोध मोजण्यासाठीं लाल तार 'व्ही' व ओमेगा लिहिलेल्या छिद्रांत घालावी. १० अँपिअर लिहिलेलें जें निराळें छिद्र असतें, त्याची गोष्ट पुढें येईल. तूर्त त्यास हातच लावूं नये.

नवशिक्यानें आरंभ कोठून करावा? विजेरीच्या सेलापासून. खटका डीसी व्होल्टच्या २० या मर्यादेवर आणा, लाल टोंक सेलाच्या टोपीस व काळें बुडास लावा. नवा सेल दीड व्होल्टहून किंचित् अधिक दाखवील. वापरून संपत आलेला १·२ किंवा त्याहून खालीं. टोंकें उलट लावलीं तर अंकामागें उणें चिन्ह उमटेल. त्यानें नुकसान होत नाहीं. दोन सेल एकामागें एक ठेवा, दाबाची बेरीज होईल. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी विश्रांत असतांना १२·६ च्या आसपास असेल तर ती पूर्ण भरलेली. १२ किंवा खालीं आली तर रिकामी होत आलेली समजावी. मर्यादा लहान निवडली तर कांचेवर डाव्या बाजूस नुसता १ किंवा दुसरें एकादें अतिरेकाचें चिन्ह उमटतें. म्हणून मोजावयाचें माप अज्ञात असेल तेव्हां सर्वांत मोठ्या मर्यादेपासून प्रारंभ करून हळूहळू खालीं यावें.

रोध मोजतांना मीटर आपल्याच बॅटरीचा थोडासा प्रवाह वस्तूंतून सोडून पाहतो. म्हणून ती वस्तु विजेपासून सर्वस्वीं अलग असलीच पाहिजे. चालू विजेवर ओहमचा विभाग लावणें म्हणजे यंत्र जाळणें, आणि कधीं कधीं हातही. आरंभास एक निर्धोक प्रयोग सांगतों. कपड्यांच्या इस्त्रीचा प्लग बोर्डांतून पूर्ण काढून घ्या, इस्त्री गार होऊं द्या, आणि तिची उष्णतेची चकती चालू स्थितीवर ठेवून प्लगच्या दोन लहान खिळ्यांमध्यें रोध मोजा. इस्त्री १००० वॅटची असेल तर गणितानें ५३ ओहमच्या आसपास उत्तर यावें, आणि मीटरही जवळजवळ तेंच सांगेल. कांहींच न दाखविलें तर आंतील तार तुटली असें समजावें. मग एक टोंक लहान खिळ्यास आणि दुसरें इस्त्रीच्या तळास लावा. येथें मीटरनें कांहींच प्रवाह दाखवूं नये. अंक उमटला तर वीज पत्र्यांत उतरते आहे; ती इस्त्री त्या क्षणीं बाजूस ठेवावी. मात्र अंक उमटला नाहीं म्हणून इस्त्री निर्दोष ठरली असें नव्हे. मीटरची बॅटरी बहुधा ९ व्होल्टची. २३० व्होल्टला फुटणारें आवरण ९ व्होल्टला टिकूं शकतें. त्या परीक्षेस वायरमन ५०० व्होल्टचा मेगर वापरतात.

जिज्ञासु विद्यार्थ्यानें जुना तारेचा १०० वॅटचा दिवाही मोजून पाहावा. गणित सांगतें ५२९ ओहम. मीटर पन्नासाहूनही कमी दाखवितो. मीटर खोटें बोलत नाहीं आणि गणितही चुकलेलें नाहीं. दिव्यांतील टंगस्टनची तार तापून पांढरी झाली म्हणजे तिचा रोध कितीतरी पटींनीं वाढतो. आपण मोजली ती गार तार होती. ज्यास हें एक कोडें स्वतः सुटलें त्यानें पाठ केलेल्या दहा व्याख्यांहून अधिक पदार्थविज्ञान मिळविलें.

आतां त्या १० अँपिअरच्या छिद्राची गोष्ट. प्रवाह मोजण्यासाठीं तो सारा प्रवाह मीटरच्या पोटांतून न्यावा लागतो. म्हणून मंडल एके ठिकाणीं तोडून मीटर मध्यें जोडावा लागतो. प्रवाहास अडथळा होऊं नये म्हणून या छिद्राआड अगदीं अल्प रोधाची जाड तार बसविलेली असते. म्हणजे लाल तार या छिद्रांत असतांना मीटर हा विजेच्या दृष्टीनें नुसता तारेचा तुकडाच होय. अशा स्थितींत त्याचीं टोंकें बोर्डाच्या दोन भोंकांत घातलीं तर काय होईल, तें सांगावयास नको. प्रचंड प्रवाह, ठिणगीचा स्फोट, वितळलेलें तांबें, भाजलेले हात व डोळे! स्वस्त मीटरांत या छिद्रास फ्यूजही नसतो, आणि तसें त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें. मल्टिमीटरनें होणाऱ्या अपघातांचें हें एक अतिशय परिचित कारण आहे : कोणी प्रवाह मोजून लाल तार तेथेंच विसरतो आणि दुसरा दाब मोजावयास जातो. म्हणून घरच्या विजेचा प्रवाह या छिद्रांतून मुळींच मोजूं नये. त्यासाठीं तार न तोडतां तिच्याभोंवतीं चिमट्यासारखा बसणारा क्लॅम्प मीटर मिळतो.

बोर्डावरील २३० व्होल्टचें मापन मुलांनीं जाणत्या वडील माणसावांचून करूं नये. तें कसें करतात हें मात्र समजून घ्यावें. बोर्डाकडे तोंड केलें असतां वरचें मोठें भोंक अर्थिंगचें, उजवें फेजचें व डावें न्यूट्रलचें असतें. खटका एसी व्होल्टच्या सर्वांत मोठ्या मर्यादेवर आणि लाल तार 'व्ही' च्या छिद्रांत आहे, हें प्रथम दोनदां पाहावें. पायांत कोरडें पादत्राण असावें, हात कोरडे असावेत, हातांतील कडें व आंगठी काढून ठेवावी. बोटें टोंकांच्या कठड्यामागें राहावींत. काळें टोंक आधीं न्यूट्रलला, मग लाल फेजला. काढतांना लाल आधीं, काळें नंतर. शक्य तेथें एकच हात कामांत असावा, कारण एका हातांतून दुसऱ्या हातांत जाणारा प्रवाह छातींतून जातो. फेज व न्यूट्रल यांत २३० च्या आसपास, फेज व अर्थ यांतही तितकाच, आणि न्यूट्रल व अर्थ यांत थोडेसेच व्होल्ट दिसावेत. फेज व अर्थ यांत कांहींच दिसलें नाहीं तर अर्थिंग तुटलें आहे. मात्र तेथें २३० दिसले म्हणजे अर्थिंग उत्तम आहे, असें मानूं नये. मीटर इतका अल्प प्रवाह घेतो कीं, गंजलेली, जेमतेम टेकलेली तारही त्यास पुरते. बिघाडाच्या वेळीं येणारा मोठा प्रवाह ती वाहूं शकेल कीं नाहीं, तें परवानाधारक वायरमननेंच निराळ्या यंत्रानें तपासावें.

सर्वांत कपटी अंक म्हणजे शून्य. मीटरवर शून्य आलें कीं मनुष्य निर्धास्त होऊन तारेस हात घालतो. पण शून्य तीन कारणांनीं खोटें असूं शकतें. खटका चुकून डीसीवर असेल, तर घरच्या एसी विजेवर मीटर शून्याजवळचाच अंक दाखवितो, आणि तार मात्र जिवंत असते. मीटरची एकादी तार आंतून तुटली असेल तरी तेंच. बॅटरी संपत आली असेल तर कोणत्याच अंकाचा भरंवसा नाहीं. यावर जगभरचे कारागीर एक साधा नियम पाळतात : आधीं जेथें वीज निश्चित आहे तेथें मीटर लावून तो बोलतो कीं नाहीं हें पाहावें, मग बंद केलेल्या तारेवर लावावा, आणि लगेच पुन्हां त्या पहिल्या ठिकाणीं लावून पाहावा. तिन्ही साक्षी जुळल्या तरच शून्य खरें. याच्या उलट भ्रमही होतो. बंद केलेली तार दुसऱ्या चालू तारेच्या शेजारून गेली असेल तर तिच्यावर ३०, ४०, क्वचित् ९० व्होल्टही दिसतात. बहुधा ही नुसती विजेची छाया असते. तरीही कारण उमगेपर्यंत तार जिवंतच समजावी.

आतां शेताकडे चला. मोटारपंपाचे तीन फेज परस्परांत मोजले असतां ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. तेथील ठिणगी घरच्यापेक्षां कितीतरी भयंकर. दाब उतरला कीं मोटार तेंच काम करण्यास अधिक प्रवाह ओढते व तापते. तिन्हींपैकीं एक फेज गेला तर उरलेल्या दोहोंवर घुमत राहून जळते. हें ओळखण्यास दाबमापन उपयोगी खरें, परंतु पावसांत, चिखलांत, उघड्या स्टार्टरच्या पेटींत तें करणें शेतकऱ्याचें काम नव्हे. पेटीवर कायम बसविलेला व्होल्टमापक व फेज गेल्यास मोटार बंद करणारें साधन यांचा खर्च मोटार पुन्हां भरून घेण्याच्या खर्चाहून कमीच येतो. सौर पंपाविषयीं एक निराळी सूचना : सूर्य वर असेपर्यंत त्याचे पत्रे वीज उत्पन्न करीतच राहतात, तेथें बंद करण्यास मेन स्विच नाहीं, आणि डीसीची ठिणगी एकदां पेटली कीं सहज विझत नाहीं. रानडुकरांपासून धान राखण्यासाठीं कुंपणांत घरची वीज सोडणें हा तर गुन्हाच आहे. त्या तारेस डुक्कर, वाघ, शेजारी व स्वतःचें मूल यांत भेद करतां येत नाहीं.

मीटर विकत घेतांना किंमतीबरोबर त्यावरील 'कॅट' हें चिन्हही पाहावें. कॅट दोन घरांतील बोर्डावर लावलेल्या साधनांसाठीं, कॅट तीन घराच्या मुख्य फळीसाठीं, आणि कॅट चार खांबावरून येणाऱ्या जोडणीसाठीं. मुख्य तारांवर क्षणार्धांत हजारों व्होल्टचे धक्के येऊं शकतात. ते सोसण्याची ताकद या वर्गावरून कळते. ज्यावर हें चिन्हच नाहीं तो मीटर सेल व बॅटरी यांपुरताच ठेवावा.

सारांशरूपानें हे नियम वहींत उतरून घ्यावे :

(१) मापनापूर्वीं तारांचें आवरण, खटका व छिद्र हीं तिन्ही पाहावीं.
(२) रोध मोजतांना वीज अलग असावी. दूरदर्शन संचासारख्या यंत्रांतील साठवण वीज बंद केल्यावरही कांहीं काळ जिवंत राहते, म्हणून तें उघडूं नये.
(३) १० अँपिअरचें छिद्र बोर्डाजवळ कधींही नको.
(४) ओल्या हातानें, ओल्या जमिनीवर किंवा एकट्यानें मापन करूं नये.
(५) शून्यावर तीन साक्षींवांचून विश्वास ठेवूं नये.
(६) जोडणीचें काम परवानाधारकाचें. खांब व तारा यांच्या तक्रारीस १९१२ हा क्रमांक आहे.

आणि कोणास धक्का बसलाच तर त्यास हात लावूं नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. तें शक्य नसेल तर कोरड्या लांकडानें घरांतील तार दूर सारावी. खांबावरील तुटलेल्या तारेच्या जवळपासही फिरकूं नये. मनुष्य सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छाती दाबून कृत्रिम उपचार सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वीं आपल्या भंडारा शहरांतील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षांत आग लागून दहा बालकें दगावलीं. त्या दुर्घटनेचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु सैल झालेली जोडणी आंतल्या आंत तापत असते, जीर्ण आवरण दिवसेंदिवस झिजत असतें, आणि तें कोणास दिसत नाहीं. वेळींच केलेल्या मापनानें मात्र तें बव्हंशीं कळूं शकतें, एवढें प्रत्येक भंडारेकरानें मनांत ठेवावें. ज्या घरांत, ज्या शाळेंत, ज्या शेतावर वीज आहे, तेथें वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, जाणत्या माणसाकडून सारी जोडणी तपासून घेण्याचा परिपाठ पडला तर तो खर्च वायां गेला असें कोणीही म्हणणार नाहीं. मुलांनीं हा विषय घरीं काढावा, वडिलांनीं तो ऐकून घ्यावा, आणि मीटर हातीं घेण्यापूर्वीं दोघांनीं मिळून वरील सहा नियम एकदां मोठ्यानें वाचावे.